खडकात मुरलेलं पाणी आणि वितळण्याचं तापमान: हिशेब कसा मांडायचा, कुठे चुकतो

ओलसर लॅडलमध्ये, म्हणजे ओतकामाच्या भांड्यात, वितळलेल्या धातूचा रस ओतला तर काय होतं, हे कोल्हापूरच्या शिरोलीतल्या किंवा उद्यमनगरातल्या कुठल्याही भट्टीवाल्याला विचारा. पाण्याची क्षणात वाफ होते, रस उसळतो, माणसं भाजतात. म्हणून लॅडल आधी तापवून कोरडी ठणठणीत करायची आणि मगच रस घ्यायचा. हे एकदा डोक्यात पक्कं बसलं की ‘पाणी असेल तर खडक लवकर वितळतो’ हे वाक्य पचायला जड जातं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, फरक दाबाचा आहे. भट्टीवर हवेचा दाब एक बार. त्या दाबाला पाणी रसात मावत नाही, बाहेर फुटतं. जमिनीखाली सात किलोमीटरवर दाब दोन हजार बारच्या घरात जातो आणि तिथे तेच पाणी शिलारसात, म्हणजे वितळलेल्या खडकात, साखरेसारखं विरघळून बसतं.

पुढची सगळी आकडेमोड एका गोष्टीभोवती फिरते. खडकात एकूण पाणी किती, हा प्रश्न अपुरा आहे. वितळलेल्या भागात किती विरघळलं आणि किती दाबाखाली, हे विचारायला हवं. बी.एस्सी., एम.एस्सी.च्या उत्तरपत्रिकांत या विषयावर जी गल्लत होते, ती बहुतेक वेळा या दोन प्रश्नांच्या सरमिसळीतून होते.

आत नेमकं काय घडतं

सिलिकेट रसात सिलिकॉन आणि ऑक्सिजनचे चौफलक एकमेकांना ऑक्सिजनच्या पुलांनी जोडलेले असतात. पाण्याचा एक रेणू असा एक पूल तोडतो आणि त्याजागी दोन हायड्रॉक्सिल गट तयार होतात. साखळ्या आखूड होतात, रस सैल पडतो. ८०० अंश सेल्सिअसला कोरडा रायोलाइट रस (ग्रॅनाइटच्याच रचनेचा शिलारस) जवळपास घट्टच असतो. त्यात वजनाने ५ टक्के पाणी गेलं की चिकटपणाच्या आकड्यातली पाच-सहा शून्यं उडतात.

वितळण्याचं तापमान मात्र पूल तुटले एवढ्यानेच उतरत नाही. पाण्याला रसात जागा आहे, पण क्वार्ट्झ, फेल्डस्पार, ऑलिविन यांच्या स्फटिकांत जवळजवळ नाही. त्यामुळे पाण्याने रस स्थिर होतो आणि स्फटिक आहेत तसेच राहतात. तराजूचं एकच पारडं जड झालं, म्हणून वितळणं कमी तापमानालाच परवडतं.

‘५ टक्के पाणी म्हणजे ते किती?’ असं वाटत असेल तर वजन सोडून रेणू मोजा. अल्बाइट फेल्डस्पारचं रेणूवस्तुमान २६२, पाण्याचं १८. ९५ ग्रॅम अल्बाइट म्हणजे ०.३६ मोल, ५ ग्रॅम पाणी म्हणजे ०.२८ मोल. वजनाने ५ टक्के असलेलं पाणी संख्येने ४३ टक्के भरतं. कोरडं अल्बाइट १११८ अंशांना वितळतं. पाच किलोबार दाबाखाली पाण्याने संपृक्त असेल तर तेच सुमारे ७५० अंशांना वितळतं.

फाउंड्रीतल्या लोकांना इथे ओळखीचा नियम भेटेल. वितळलेल्या धातूत हायड्रोजन दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात विरघळतो, कारण रेणू फुटून दोन अणू होतात. पिनहोलच्या, म्हणजे ओतीव मालातल्या बारीक छिद्रांच्या, तक्रारीमागे हाच सीव्हर्ट्सचा नियम असतो. सिलिकेट रसातही पाणी सुरुवातीला असंच वर्गमुळाने विरघळतं, कारण तिथेही एकाचे दोन होतात. तीन-चार टक्क्यांपुढे मात्र पाण्याचे अखंड रेणू रसात वाढत जातात आणि साधा वर्गमुळाचा नियम ढळायला लागतो.

पहिलं काम: कोरड्या खडकाचं तापमान लिहून काढा

हिशेबाची सुरुवात नेहमी बिनपाण्याच्या खडकापासून करायची. वितळणं जिथे सुरू होतं तो सॉलिडस, आणि शेवटचा स्फटिक जिथे संपतो तो लिक्विडस. दोन्ही वेगळे लिहा. ग्रॅनाइटसारख्या खडकात कोरडा सॉलिडस हजार अंशांच्या आसपास असतो. आपल्याकडच्या काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसाल्टचा, साधारण ११०० आणि लिक्विडस १२०० च्या जवळपास.

भूकवचाखालच्या प्रावरणातल्या पेरिडोटाइट या ऑलिविनने भरलेल्या खडकासाठी २००३ साली कॅट्झ, स्पीगलमन आणि लँगमुर यांनी दिलेलं सूत्र वापरायला सर्वांत सोपं:

कोरडा सॉलिडस = १०८५.७ + (१३२.९ × दाब) − (५.१ × दाबाचा वर्ग)

दाब गिगापास्कलमध्ये घ्यायचा, उत्तर अंश सेल्सिअसमध्ये येतं. १ गिगापास्कलला १२१४, २ ला १३३१, ३ ला १४३९ अंश. दाब वाढला की कोरडा सॉलिडस चढतो, हे लक्षात ठेवा. पाणी आलं की उथळ भागात नेमकं उलट होतं.

एकक बदलताना घोळ होतोच, म्हणून एकदाच नीट: १ गिगापास्कल म्हणजे १० किलोबार म्हणजे १००० मेगापास्कल. भूकवचात १ किलोबारला साधारण साडेतीन-पावणेचार किलोमीटर खोली धरा. २ गिगापास्कल म्हणजे ६५ किलोमीटरच्या आसपास.

दुसरं काम: मावण्याची मर्यादा तपासा

रसात पाणी हवं तितकं घालता येत नाही. रायोलाइटी रसासाठी झटपट आकडा काढायचा तर मेगापास्कलमधल्या दाबाचं वर्गमूळ घ्या आणि ०.४१ ने गुणा. १०० मेगापास्कलला ४.१ टक्के, २०० ला ५.८ टक्के. बेसाल्टी रसात त्याच दाबांना थोडं कमी मावतं, सुमारे २.७ आणि ४.४ टक्के. प्रावरणातल्या रसासाठी वरच्याच २००३ च्या पद्धतीत मर्यादा अशी दिली आहे:

कमाल पाणी (वजनी टक्के) = १२ × (दाबाचा ०.६ घात) + दाब

०.५ गिगापास्कलला ८.४, १ ला १३, २ ला २०.२ टक्के. पुढच्या पायरीत येणारं पाणी या मर्यादेच्या वर गेलं, तर मर्यादाच घ्यायची. उरलेलं पाणी वेगळ्या द्रवाच्या रूपात कणांच्या सांध्यांत पडून राहतं आणि तापमान आणखी खाली आणत नाही. ही तपासणी गाळल्यामुळे ‘२० टक्के पाणी, म्हणून सॉलिडस ४०० अंश’ असली उत्तरं निघतात.

तिसरं काम: पाणी कोणाच्या वाट्याला जातं

हीच पायरी सर्वांत महत्त्वाची आणि हीच सर्वांत जास्त वेळा गाळली जाते. वितळणं सुरू झालं की खडकातलं जवळजवळ सगळं पाणी पहिल्या थेंबात घुसतं. स्फटिकांत फार तर शंभरातला एक हिस्सा उरतो. वितळलेला भाग वाढत गेला की तेच पाणी जास्त रसात वाटलं जातं आणि पातळ होतं.

रसातलं पाणी = एकूण पाणी ÷ (०.०१ + ०.९९ × वितळलेला अंश)

पाणी वजनी टक्क्यांत आणि वितळलेला अंश दशांशात, म्हणजे १० टक्क्यांना ०.१०. हे दोन आकडे दोन वेगळ्या पद्धतीने लिहायचे असल्यामुळेच घोटाळा होतो. ०.१ टक्का पाण्याऐवजी ०.००१ लिहिलं की पुढची तापमानाची घट तीसपटीहून जास्त आकसते आणि ‘पाण्याचा काही परिणामच नाही’ असा निष्कर्ष निघतो.

मग घट काढा:

घट = ४३ × (रसातल्या पाण्याचा ०.७५ घात)

साध्या कॅल्क्युलेटरवर घाताचं बटण नसेल तर संख्येचं वर्गमूळ घ्या, त्या वर्गमुळाचं पुन्हा वर्गमूळ घ्या, आणि दोन्ही गुणा. झाला ०.७५ घात.

आता ०.१ टक्का एकूण पाणी असलेला पेरिडोटाइट घेऊ. अगदी पहिल्या थेंबात पाणी १० टक्के, घट २४२ अंश. १ टक्का वितळल्यावर रसात पाणी ५ टक्के, घट १४४. ५ टक्क्यांना पाणी १.७, घट ६३. १० टक्क्यांना ०.९, घट ४०. २० टक्के वितळेपर्यंत घट जेमतेम २५ अंशांवर येते.

म्हणजे ‘पाण्याने सॉलिडस अडीचशे अंशांनी उतरला’ हे वाक्य खरं असूनही दिशाभूल करतं, कारण ती घट फक्त पहिल्या थेंबासाठी आहे. समुद्रतळाच्या बेसाल्टचा उगम असलेल्या प्रावरणात पाणी साधारण ०.०१ ते ०.०२ टक्के. ०.०२ धरलं तर पहिल्या थेंबाला ७२ अंशांची घट मिळते आणि १० टक्के वितळल्यावर १२ अंश उरतात. तिथे पाण्यामुळे वितळणं थोडं खोलवर सुरू होतं, पण रसाचा मोठा साठा उष्णता आणि दाबातली घट मिळूनच तयार करतात.

चौथं काम: एका तापमानाला किती वितळेल

विद्यार्थी इथे थांबतात, पण खरी गंमत इथेच आहे. वितळलेला अंश माहीत असल्याशिवाय रसातलं पाणी मिळत नाही, आणि रसातलं पाणी माहीत असल्याशिवाय वितळलेला अंश मिळत नाही. त्यामुळे अंदाज घेऊन, तपासून, सुधारत जायचं. एक्सेलच्या तीन रकान्यांत काम होतं.

२ गिगापास्कल दाब आणि १२५० अंश तापमान घ्या. त्या दाबाला कोरडा सॉलिडस १३३१, आणि या पद्धतीतला लर्झोलाइटचा (पेरिडोटाइटचाच एक प्रकार) लिक्विडस १६२२, म्हणजे अंतर २९१ अंश. सूत्र असं:

वितळलेला अंश = [(तापमान − कोरडा सॉलिडस + घट) ÷ २९१], याचा १.५ घात

कंसातली संख्या उणे आली तर वितळणं शून्य. पाणी नसेल तर उणे ८१ येतं, काहीच वितळत नाही. पाणी ०.०२ टक्के असेल तर जास्तीत जास्त घट ७२, म्हणजे तरीही शून्य. आता ०.१ टक्का घेऊ. अंदाज ०.०२० धरला की रसात पाणी ३.४, घट १०७, सूत्रातून वितळलेला अंश येतो ०.०२६. अंदाज ०.०२२ केला की उत्तर येतं ०.०१९. दोन्हींच्या मध्ये ०.०२१ ला गाडी जुळते. म्हणजे २ टक्क्यांच्या किंचित वर वितळलं, आणि त्या रसात पाणी ३.२ टक्के.

पाणी तिप्पट करून ०.३ टक्के घ्या. त्याच पद्धतीने वितळलेला अंश ०.०६२ च्या जवळ स्थिरावतो आणि रसात पाणी ४.२ टक्के. पाणी तिप्पट, रस तिप्पट, पण रसातलं पाणी तीनवरून जेमतेम चारवर. जादा पाणी रस जास्त ओला करत नाही, जास्त रस तयार करतं. बुडणाऱ्या प्लेटवरच्या ज्वालामुखींच्या बेसाल्टी रसात मोजलेलं पाणी ४ टक्क्यांच्या आसपास का घोटाळतं, याचं एक कारण या हिशेबात दिसतं.

अंदाज सुधारताना नवा अंदाज म्हणून थेट आलेलं उत्तर टाकू नका. आकडे इकडून तिकडे उड्या मारत राहतात. आलेलं उत्तर आणि जुना अंदाज यांच्यातल्या फरकाचा फक्त चौथा हिस्सा जुन्या अंदाजात मिळवून पुढे न्या. चार-पाच फेऱ्यांत जुळतं.

अंदमान समुद्रातलं बॅरन बेट हा ज्वालामुखी, हे आपल्या देशातलं पाण्यावर चालणारं उदाहरण. १९९१ साली ते पुन्हा जागं झालं. तिथे खाली बुडणारी प्लेट पाणी सोडते आणि वरच्या प्रावरणाचा सॉलिडस खाली येतो. सह्याद्रीतले सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे दख्खनचे थर मुख्यतः खालून आलेल्या जादा उष्णतेने आणि वर येताना घटलेल्या दाबाने तयार झाले. दोन्हीकडे बेसाल्टच, पण वितळण्यामागचं कारण निराळं. परीक्षेत दोन्हींना एकच चित्र काढू नका.

बेसाल्टसाठी छोटा तक्ता

आधीच तयार असलेला बेसाल्टी रस थंड होताना ऑलिविन कधी दिसू लागेल, हे काढायचं असेल तर वरची सूत्रं नकोत. २००८ साली मेडार आणि ग्रोव्ह यांनी प्रयोगांतून काढलेला संबंध वापरा: घट = ४०.४ × पाणी − २.९७ × पाण्याचा वर्ग + ०.०७६१ × पाण्याचा घन. १ टक्क्याला ३८ अंश, २ ला ७०, ३ ला ९७, ४ ला ११९, ५ ला १३७. पहिला टक्का ३८ अंश खाली आणतो, पाचवा फक्त १८. ‘दर टक्क्याला अमुक अंश’ असा सरधोपट गुणाकार म्हणूनच चुकतो.

पाणी येतं कुठून

भूकवचात खोलवर मोकळं पाणी फारसं नसतं. ते खनिजांत कोंडलेलं असतं: पांढऱ्या अभ्रकात वजनाने सुमारे साडेचार टक्के, काळ्या अभ्रकात तीन-चार, हॉर्नब्लेंड या गडद खनिजात दोन. खडक तापला की ही खनिजं मोडतात आणि त्यांचं पाणी थेट रसात जातं. पांढरं अभ्रक साधारण ६५० ते ७५० अंशांत मोडतं, काळं ८०० ते ८५० च्या सुमारास, हॉर्नब्लेंड ९०० च्या जवळपास.

रस किती मिळेल, याचा अंदाज बोटांवर काढता येतो. खडकात २० टक्के पांढरं अभ्रक, त्यात ४.४ टक्के पाणी, म्हणजे एकूण ०.८८ टक्के. तयार होणाऱ्या रसाला ७ टक्के पाणी लागतं असं धरा. ०.८८ भागिले ७, म्हणजे सुमारे १२.५ टक्के रस. गंगोत्रीच्या शिवलिंग शिखराभोवतीचा पांढुरका ग्रॅनाइट अशाच अभ्रक मोडण्यातून आलेला मानतात. अभ्रक संपलं की वितळणं तिथेच अडतं. पुढची उडी काळ्या अभ्रकापर्यंत तापमान पोचल्यावर.

सगळेच वायू सारखे वागत नाहीत

कार्बन डायऑक्साइडला पाण्यासारखं समजू नका. १००० बार दाबाला बेसाल्टी रसात तो वजनाने सुमारे ०.०५ टक्केच मावतो, म्हणजे पाण्याच्या पन्नासाव्या हिश्शाएवढा. उथळ भागात तो सॉलिडस खाली आणत नाही, उलट पाण्याला पातळ करून त्याचा जोर कमी करतो. कर्नाटकातल्या कब्बालदुर्गच्या खाणीत करड्या नाइस या पट्टेदार खडकात गडद चार्नोकाइटचे, म्हणजे कोरड्या खनिजांच्या खडकाचे, पट्टे दिसतात. कार्बन डायऑक्साइडने भरलेल्या द्रवामुळे पाण्याचा प्रभाव घटला आणि खडक वितळण्याऐवजी कोरड्या खनिजांत बदलला, असा त्याचा अर्थ लावतात. प्रावरणात साधारण २ गिगापास्कलच्या पुढे मात्र चित्र उलटतं. तिथे हाच वायू कार्बोनेट खनिजांत बसतो आणि पेरिडोटाइटचा सॉलिडस एकदम शेकडो अंशांनी घसरतो. म्हणून कार्बन डायऑक्साइडबद्दल बोलताना खोली सांगितल्याशिवाय वाक्य पुरं करू नये.

फ्लोरिन पाण्याच्याच बाजूचा. १ किलोबारला पाण्याने संपृक्त ग्रॅनाइटी रसाचं किमान तापमान ७३० अंश. त्यात ४ टक्के फ्लोरिन गेलं की ते ६३० वर येतं. फ्लोरिन रसातच राहणं पसंत करतं, क्लोरिनचा ओढा मात्र वेगळ्या पडलेल्या पाण्याकडे. त्यामुळे क्लोरिनने रसाचं तापमान फारसं हलत नाही, धातू वाहून नेण्याचं काम तेवढं होतं.

बोरॉनची ओळख कोल्हापूरच्या फाउंड्रीत रोजची आहे. इंडक्शन भट्टीच्या सिलिका रॅमिंग मासमध्ये, म्हणजे अस्तरासाठी ठोकून बसवायच्या पुडीत, टक्काभर बोरिक अ‍ॅसिड मिसळतात, कारण शुद्ध सिलिका १७०० अंशांच्या वर वितळते आणि तेवढ्यावर अस्तर शिजवणं शक्य नाही. बोरॉन कणांच्या पृष्ठभागावर कमी तापमानाला थोडा रस तयार करतो आणि दाणे एकमेकांना धरतात. प्रमाण वाढवलं की तोच रस जास्त होतो, अस्तराची आतली बाजू मऊ पडते, अस्तराच्या हिट, म्हणजे वितळवण्याच्या फेऱ्या, लवकर संपतात. पेग्मटाइटमध्ये (मोठ्या स्फटिकांच्या ग्रॅनाइटी खडकात) टूर्मलीन हे बोरॉनचं खनिज दिसतं तिथे निसर्गानेही हीच कळ दाबलेली असते.

वर येताना काय होतं

पाण्याने संपृक्त ग्रॅनाइटचा सॉलिडस ५ किलोबारला सुमारे ६४५ अंश, २ ला ६८५, १ ला ७२०. आता ७०० अंशांचा ओला रस ५ किलोबारवरून वर निघाला असं समजा. तापमान तेवढंच राहिलं तरी दीड किलोबारच्या आसपास, म्हणजे पाच-सहा किलोमीटर खोलीवर, तो सॉलिडसला टेकतो आणि गोठतो. थंड न होता गोठतो, ही गोष्ट एकदा नीट समजली की ग्रॅनाइट बहुतेक जमिनीखालीच का गोठतो, ते वेगळं पाठ करावं लागत नाही. कमी पाण्याचा, जास्त गरम रस मात्र पृष्ठभाग गाठतो.

पन्हाळ्याच्या कातळात काय शोधायचं

दख्खनच्या सर्वांत वरच्या, म्हणजे तरुण थरसमूहांपैकी एकाला पन्हाळ्याचंच नाव आहे. पन्हाळा किंवा जोतिबाकडे जाणाऱ्या घाटात रस्त्यासाठी कापलेल्या बाजूला लाव्हाप्रवाह पाहा. प्रवाहाचा वरचा भाग पोकळ्यांनी भरलेला, मधला घट्ट. पांढऱ्या किंवा हिरवट खनिजांनी भरलेल्या पोकळ्या असतील तर ते झिओलाइट, कॅल्साइट किंवा कॅल्सेडोनी. प्रवाह थंड झाल्यावर पाझरलेल्या पाण्याने ते भरले आहेत, शिलारसातल्या पाण्याशी त्यांचा थेट संबंध नाही. किल्ल्याच्या माथ्यावरचा तांबडा जांभा या कामाला निरुपयोगी. त्यातलं पाणी बेसाल्ट कुजून बनलेल्या खनिजांतलं आहे. शिवाय किल्ला संरक्षित स्मारक आहे, तटबंदीजवळ हातोडा काढू नये.

पोकळ्यांवरून मूळ पाणी काढायचा मोह होतो. तो किती फसवा आहे ते पाहा. १ किलो रसातून ०.१ टक्का, म्हणजे १ ग्रॅम पाणी ११५० अंशांना आणि एक बार दाबाला बाहेर पडलं तर त्याची वाफ साडेसहा लिटर होते. रसाचं स्वतःचं आकारमान ०.३७ लिटर. दगडात २० टक्के पोकळ्या दिसत असतील तर त्यांत मावलेली वाफ ०.०९ लिटर, म्हणजे पाणी फक्त ०.००१४ टक्के. बाकीचं केव्हाच उडून गेलं. पोकळ्या दाखवतात तो वायूचा शेवटचा अडकलेला शेपटाचा भाग.

दगडातलं उरलेलं पाणी तपासायला भाजून वजनातली घट काढतात. दगड वाटाण्याएवढा फोडा, पांढरे ठिपके असलेले तुकडे वेचून बाजूला करा, उरलेल्याची पूड करा. ११० अंशांना दोन तास वाळवा. आधी भाजून थंड केलेल्या मुशीत सुमारे १ ग्रॅम पूड दशमांश मिलिग्रॅमपर्यंत तोलून घ्या, ९५० ते १००० अंशांना तासभर ठेवा, डेसिकेटरमध्ये (ओल शोषणाऱ्या बंद भांड्यात) थंड करून पुन्हा तोला. वजन स्थिर होईपर्यंत परत भाजा. मूस गरम असतानाच तराजूवर ठेवली तर वर उठणाऱ्या हवेमुळे वजन कमी भरतं आणि घट जास्त दिसते.

बेसाल्टमध्ये इथे एक छुपी अडचण असते. भाजताना फेरस लोह हवेतला ऑक्सिजन घेऊन फेरिक होतं आणि वजन वाढतं. दर १ टक्का फेरस ऑक्साइडमागे ०.११ टक्के वाढ. दगडात ९ टक्के फेरस ऑक्साइड असेल आणि घट ०.४ टक्के दिसली, तर प्रत्यक्षात उडालेले पदार्थ १.४ टक्क्यांच्या आसपास होते. ताज्या दगडात घट उणे येते तेव्हा लोक तराजूला दोष देतात, दोष लोहाचा असतो. आणि हा दुरुस्त आकडासुद्धा ‘शिलारसातलं पाणी’ म्हणून वरच्या सूत्रांत घालू नये. मूळ पाण्यासाठी ऑलिविनच्या आत काचेच्या रूपात अडकलेले रसाचे सूक्ष्म थेंब शोधून अवरक्त वर्णपटाने मोजावे लागतात.

प्रयोगशाळेत ओला खडक वितळवताना

दाबाखालचा प्रयोग उघड्या मुशीत होत नाही, पाणी निघून जातं. खडकाची पूड आणि पाणी धातूच्या बारीक नळीत बंद करतात. ९५ मिलिग्रॅम पूड आणि ५ मायक्रोलिटर पाणी घेतलं की ५ टक्के झालं. आधी पाणी सूक्ष्म सिरिंजने तळाशी घाला, वर पूड दाबा, मग तोंड वेल्ड करा. वेल्ड करताना नळीचा खालचा भाग ओल्या कापडात धरला नाही तर पाणी तिथेच उडतं. वेल्डच्या आधी आणि नंतर तोला. मग ११० अंशांच्या ओव्हनमध्ये तासभर ठेवून परत तोला. वजन घटलं तर नळी गळते, ती टाकून द्या.

सोन्याची नळी १०६४ अंशांना स्वतःच वितळते, म्हणून ती ग्रॅनाइटला ठीक, बेसाल्टला नाही. प्लॅटिनम जास्त तापमान सोसतं, पण बेसाल्टमधलं लोह शोषून घेतं आणि रसाची रचनाच बदलते. म्हणून बेसाल्टसाठी सोनं-पॅलेडियमचं मिश्रण वापरतात.

प्रयोग संपताना तापमान झटकन उतरवावं लागतं. सावकाश उतरवलं तर रसातून बारीक काटेरी स्फटिक वाढतात आणि तो भाग वितळलाच नव्हता असा गैरसमज होतो. नळीला भोक पाडताना पाण्याचा थेंब किंवा वाफेची फुस्स जाणवली तर रस संपृक्त होता आणि विरघळलेलं पाणी ५ टक्क्यांपेक्षा कमी धरायचं. काहीच निघालं नाही आणि वजन सुरुवातीइतकंच असेल तर ५ टक्के धरायला हरकत नाही.

सॉलिडसचा एकच आकडा एका प्रयोगातून ठरवू नका. एक नळी खालच्या तापमानावरून वर आणा, दुसरी आधी पुरती वितळवून खाली आणा, आणि दोन्ही एकाच तापमानाला थांबवा. ओल्या ग्रॅनाइटला काही दिवस पुरतात. कोरड्या ग्रॅनाइटचा रस इतका घट्ट असतो की आठवडे गेले तरी दोन्ही नळ्यांत वेगवेगळं दिसतं. जोवर दोन्हींत सारखीच खनिजं आणि सारखाच रस मिळत नाही, तोवर तो आकडा वहीत पेन्सिलनेच राहू द्या.